नवीन विमान टाकलं, उडलं आणि परत गायब: आयएल-२ १९४६ मधल्या व्हर्लविंडचा कायमचा बंदोबस्त

आयएल-२ १९४६ ही कॉम्प्युटरवर खेळायची, दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवायची गेम, आणि तिच्याबद्दलची तक्रार दरवेळी सारखीच असते. पोट्ट्याने कुठून तरी वेस्टलँड व्हर्लविंड या इंग्रजी लढाऊ विमानाचा मोड, म्हणजे गेमला बाहेरून जोडायचा भाग, आणला, फोल्डर टाकला, विमान यादीत आलं, दोन-चार दिवस मस्त उडवलं, आणि मग एक दिवस गेम सुरू केली तर विमानच नाही. नाहीतर यादीत आहे पण मिशन लोड करायला घेतलं की पट्टी साठ-सत्तर टक्क्यावर जाऊन जी थांबते ती थांबतेच. मग गेम काढतात, परत टाकतात, सगळं परत जमते, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. आमच्या तालुक्यात ही गेम खेळणारे बोटावर मोजण्याएवढे, तरी त्यातल्या प्रत्येकाने "भाऊ, विमान परत गेलं" म्हणून फोन केलाच आहे, म्हणून आता एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, गेम परत टाकू नका. त्याने दुखणं बरं होत नाही, फक्त पुढे ढकलल्या जाते. आपल्याकडे पंधरा-वीस जीबीचा पॅक, म्हणजे गेमसाठीच्या मोड्सचा मोठा गठ्ठा, परत उतरवायचा म्हणजे रात्रभर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवा, त्यात मध्येच लाइन गेली की टॉवरही जाते आणि सकाळी पाहावं तर फाइल अर्धी. एवढं करून जे कारण होतं ते तसंच राहते. विमान गायब होते त्याचं कारण बहुतेक वेळा त्या विमानात नसतेच, ते असते नंतर टाकलेल्या दुसऱ्याच मोडमध्ये.

आता व्हर्लविंडच काऊन, तेही सांगतो, कारण पुढे तपासणीत याचीच माहिती कामी येणार आहे. स्पिटफायर, मस्टँग, मेसरश्मिट गेममध्ये ढीगभर आहेत, व्हर्लविंड मुळात गेमसोबत आलंच नाही. एकाच वैमानिकाचं पण दोन इंजिनचं लढाऊ विमान, नाकात चार २० मिमीच्या हिस्पानो तोफा, पहिलं उड्डाण ११ ऑक्टोबर १९३८. त्या काळात एवढा मारा करणारं एका माणसाचं विमान इंग्रजांकडे दुसरं नव्हतं. इंजिन होतं रोल्स-रॉइसचं पेरेग्रीन, एकेक ८८५ अश्वशक्तीचं, आणि गाडी अडली ती इथंच. कंपनीचा सगळा जोर मर्लिन इंजिनवर गेला, पेरेग्रीन मागे पडलं, आणि त्याच्यासोबत हे विमानही. सगळी मिळून सव्वाशेच्या आतच बनली, आणि फक्त दोन स्क्वाड्रनने, म्हणजे हवाई तुकड्यांनी, ती वापरली, २६३ आणि १३७. १९४२ मध्ये पंखाखाली २५० किंवा ५०० पौंडाचे दोन बॉम्ब लावून त्याचं फायटर-बॉम्बर केलं आणि मग इंग्लिश खाडीतली जहाजं, फ्रान्समधली रेल्वे इंजिनं, विमानतळ, असली खालून उडून करायची कामं त्याच्याकडे आली. २४ ऑक्टोबर १९४३ ला शेरबुर्ग बंदरात उभ्या असलेल्या म्युन्स्टरलँड नावाच्या जर्मन जहाजावर २६३ ने दिवसाढवळ्या हल्ला केला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी या स्क्वाड्रनला टायफून नावाची दुसरी लढाऊ विमानं मिळाली. आज जगात मूळ व्हर्लविंड एकही शाबूत नाही.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक पोट्ट्याला सांगतोच. या विमानाचा डिझायनर टेडी पेटर. याच माणसाने आधी लायसँडर बनवलं, जे घेऊन आपल्या वायुसेनेची क्रमांक १ ची स्क्वाड्रन के. के. मजुमदारांच्या नेतृत्वात १९४२ मध्ये बर्मात लढली, लायसँडर बॉम्ब टाकायचं विमान नव्हतं तरी त्यांनी त्याला बॉम्ब लावून हल्ले केले. नंतर यानेच कॅनबेरा बनवलं, जे आपल्याकडे २००७ पर्यंत सेवेत होतं, आणि यानेच नॅट बनवलं, ज्याच्यातून निर्मलजितसिंग सेखों १९७१ मध्ये श्रीनगरवर लढले आणि परमवीरचक्र मिळवून गेले. म्हणजे व्हर्लविंड आपल्यासाठी काही परकं विमान नाही, आपल्याला माहीत असलेल्या विमानांचं ते सख्खं भावंड आहे आणि त्याचं नाव कोणाला माहीत नाही. ते उडताना पाहायचं तर आता सिम्युलेटरच आहे, म्हणून ते नीट चाललं पाहिजे असं मला मनापासून वाटते.

बरं, आता मुद्द्यावर. पुढे फाइलींची नावं मी वाचायला सोपी जावी म्हणून देवनागरीत लिहून राहिलो, गेमच्या फोल्डरमध्ये ती सगळी रोमनमध्ये असतात हे ध्यानात ठेवा.

ही गेम मोड्सच्या फोल्डरमधलं विमान आपोआप शोधून काढत नाही. तुम्ही विमानाचा थ्रीडी सांगाडा, आवाज, कोड, सगळं बरोबर टाकलं तरी जोवर एअर डॉट आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत त्याची ओळ नाही तोवर गेमसाठी ते विमान जन्मलंच नाही. ही फाइल म्हणजे आपल्या गावची मतदार यादीच समजा, माणूस जिताजागता समोर उभा असला तरी यादीत नाव नाही तर मतदान नाही. आणि गेम अशी एकच यादी वाचते. मोड्सच्या फोल्डरमध्ये दहा मोडनी आपापली एअर फाइल ठेवली असेल तर दहा एकत्र होत नाहीत, फोल्डरच्या नावाच्या क्रमाने जी पुढे येते तीच चालते, बाकीच्या नऊ असून नसल्यासारख्या.

आता पाहा काय होते. व्हर्लविंडच्या मोडसोबत एअर फाइल आली, त्यात व्हर्लविंडची ओळ आहे, विमान दिसलं. पुढच्या आठवड्यात कोणी इटालियन विमानाचा मोड पेनड्राइव्हवर आणून दिला, त्याच्यातही एअर फाइल आहे पण ती बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची, त्यात व्हर्लविंड नाही. तिचा फोल्डर क्रमाने पुढे आला की व्हर्लविंड गेलं. कोणी काही डिलीट केलं नाही, एकही फाइल खराब झाली नाही, फक्त यादी बदलली. आणि ज्या मिशनमध्ये तुम्ही व्हर्लविंड ठेवलं होतं ते मिशन आता लोडच होत नाही, कारण मिशन म्हणते हे विमान पाहिजे आणि यादी म्हणते असं काही नाहीच.

जे लोक जेएसजीएमईने मोड चालू-बंद करतात त्यांना तर तो प्रोग्राम आधीच सांगते की ही फाइल दुसऱ्या मोडने बदलून ठेवली आहे, पुढे जायचं का. तो मेसेज वाचा. सगळे नुसतं हो दाबून मोकळे होतात. आणि त्याच्यात मोड बंद करताना उलट्या क्रमाने बंद करायचे असतात, शेवटी टाकलेला पहिले, नाहीतर जुन्या-नव्या फाइलींची खिचडी होते.

कायमचा इलाज असा. मोड्सच्या फोल्डरमध्ये, काही पॅकमध्ये त्याचं नाव वेगळं असते, हॅशच्या खुणेने सुरू होणारं, तिथं वर शोधायच्या खिडकीत एअर डॉट आयएनआय टाकून सगळ्या प्रती शोधा. जी सगळ्यात मोठी आहे, म्हणजे बहुतेक पॅकसोबत आलेली, तिची कॉपी घ्या. आता स्वतःचा एक नवीन फोल्डर बनवा, नावाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह किंवा तीन शून्य लावा म्हणजे तो क्रमाने सगळ्यांच्या पुढे येईल, आणि त्याच्या आत मूळ मोडमध्ये जसा रस्ता असते अगदी तसाच रस्ता, म्हणजे एकात एक फोल्डर, बनवा, कॉम, मॅडॉक्स, आयएल२, ऑब्जेक्ट्स, आणि त्यात ही कॉपी ठेवा. मग बाकीच्या एअर फाइली एकेक उघडून त्यातल्या ज्या ओळी तुमच्या फाइलीत नाहीत तेवढ्याच उचलून तुमच्या फाइलीत टाका, आणि त्या जुन्या फाइलींची नावं बदला, मागे जुनी असं काहीतरी लावून. डिलीट करू नका, नाव बदललं की पुरे. यापुढे कोणताही मोड आला तरी त्याची एअर फाइल लगेच नाव बदलून बाजूला आणि त्यातली ओळ आपल्या यादीत. बस्स, एवढी सवय लागली की विमान गायब होण्याची अर्धीअधिक दुखणी संपतात. हेच विमानाच्या आणि शस्त्रांच्या नावाच्या दोन फाइलींचं, प्लेन आणि वेपन्स, मागे अंडरस्कोर आरयू आणि शेवटी डॉट प्रॉपर्टीज, त्याही आय१८एन नावाच्या फोल्डरमध्ये एकेकच चालतात. त्याही याच फोल्डरमध्ये आणा.

ओळ टाकताना एक पाहायचं. एअर फाइलीतल्या ओळीतला पहिला शब्द हा त्या विमानाचं गेममधलं ओळखीचं नाव, आणि तोच शब्द, तसाच्या तसा, प्लेनच्या फाइलीत आणि वेपन्सच्या फाइलीत पाहिजे. मोठं अक्षर ते मोठं, लहान ते लहान, अंडरस्कोरच्या जागी डॅश चालत नाही, मध्ये स्पेस तर अजिबातच नाही. जुळलं नाही की विमानाचं नाव विचित्र दिसते किंवा शस्त्रांच्या यादीत नीट नावाऐवजी कोडसारखं काहीतरी येते. असं दिसलं की घाबरायचं नाही, विमान बरोबर आहे, फक्त नावाची ओळ जुळून नाही राहिली.

त्याच ओळीत पुढे कधी कधी नोक्विक आणि नोइन्फो असे दोन शब्द असतात. "मिशन बिल्डरमध्ये विमान दिसते पण क्विक मिशनमध्ये दिसत नाही" ही तक्रार मला लय वेळा आली आणि बऱ्याच वेळा कारण एवढंच, ओळीत नोक्विक लिहिलेलं. तो शब्द काढा, विमान क्विक मिशनमध्ये येते. नोइन्फो असलं तर विमानांची माहिती दाखवणाऱ्या खिडकीत ते येत नाही, त्याने उडवण्यात फरक पडत नाही. पण तो शब्द काढल्यावरही तुम्हाला स्वतः उडवता येत नसेल आणि फक्त कॉम्प्युटरच उडवत असेल तर त्या मोडमध्ये कॉकपिटच नाही, ते बनवणाऱ्याने फक्त एआयसाठी बनवलं, तिथं कोणतीही ओळ बदलून उपयोग नाही.

आता दुसरा प्रकार, यादीत आहे पण लोडिंग अडकते. इथं अंदाज बांधत बसू नका, लॉग वाचा. कॉन्फ डॉट आयएनआय फाइलीत कन्सोल नावाचा भाग आहे, त्यात लॉग बरोबर १ करा आणि लॉगटाइम बरोबर १ करा, फाइलीचं नाव लॉग डॉट एलएसटी दिलेलंच असते. गेम चालवा, अडकू द्या, बंद करा, मग गेमच्या मुख्य फोल्डरमधली ती लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडून थेट शेवटी जा. वर शेकडो ओळी असतील, त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी तक्रारी असतात, अमुक टेक्श्चर नाही, तमुक आवाज नाही, त्यांच्यामागे लागू नका. शेवटच्या दहा-पंधरा ओळीत तुमच्या विमानाचं नाव कुठं येते ते पाहा. तिथं तीनपैकी काहीतरी एक सापडते बहुतेक.

एक, फ्लाइटमॉडेल्स असं लिहून पुढे एफएमडीची फाइल सापडली नाही असं म्हणते. म्हणजे विमान उडण्याचं गणित गायब. या गेममध्ये सगळ्या विमानांची गणितं बटन्स नावाच्या एकाच गठ्ठ्यात असतात, जीयूआयच्या आत गेम, त्याच्या आत बटन्स, त्या फाइलीला शेवटी डॉट काही नाही. याही फाइलीचं तेच, एकच चालते, आणि नवीन मोडने जुनी बटन्स आणली की तुमच्या विमानाचं गणित गेलं. फरक एवढाच की ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून जोडता येत नाही, ज्यात सगळ्यात जास्त विमानं आहेत ती नवी बटन्स ठेवायची आणि बाकीच्यांचं नाव बदलायचं. आता बरेच चांगले मोड बनवणारे गणिताची फाइल विमानाच्या फोल्डरमध्येच वेगळी देतात, त्या पद्धतीला डिफएफएम म्हणतात, तसा मोड मिळाला तर तोच घ्या, बटन्सच्या भांडणातून सुटका.

दोन, कोणता तरी क्लास सापडला नाही असं म्हणते. ही गेम आतून बरीचशी जावात लिहिलेली आहे आणि प्रत्येक विमानाचा जावा क्लास असतो, मोडमध्ये ते आकड्या-अक्षरांच्या अगम्य नावाच्या फाइली म्हणून येतात. त्यातली एक जरी राहिली तर विमान लोड होत नाही. फोल्डर एकाने दुसऱ्याला व्हॉट्सअपवर पाठवला, मध्ये काही फाइली राहून गेल्या, असं हमखास होते. नाहीतर मोड ४.०९ साठीचा आहे आणि तुमची गेम ४.१२ ची, मग आतली रचनाच बदललेली. मोडसोबतची रीडमी फाइल वाचा, त्यात कोणत्या आवृत्तीसाठी ते पहिल्याच काही ओळीत असते.

तीन, थ्रीडीमध्ये हुक सापडला नाही. विमानाच्या सांगाड्यात तोफ कुठं, बॉम्ब कुठं लटकणार, याच्या जागा हुक म्हणून ठरवलेल्या असतात, कॅनन ०१, एक्स्टर्नलबॉम्ब ०१ अशा नावाने. व्हर्लविंडला तोफांचे चार आणि बॉम्बचे दोन पाहिजेत. बॉम्ब न घेता विमान लोड होते आणि बॉम्ब घेतले की अडकते, असं असेल तर शंका इथंच घ्या. थ्रीडी नवा आणि क्लास जुना, किंवा उलटं, असं मिसळलं की हे होते, त्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणाहून आलेले व्हर्लविंडचे मोड एकमेकांवर कधीच पेस्ट करू नका.

लॉगमध्येही काही समजलं नाही तर अर्धे-अर्धे करून शोधा. मोडच्या फोल्डरच्या नावापुढे डॅश लावला की गेम तो फोल्डर वाचत नाही. तुमचा यादीचा फोल्डर आणि व्हर्लविंड सोडून अर्ध्या फोल्डरना डॅश लावा, चालवून पाहा. चाललं तर भांडण त्या अर्ध्यात, नाही तर उरलेल्या अर्ध्यात. असं करत गेलं की शंभर मोडमधूनही दोषी थोड्याच वेळात सापडतो, आणि काही डिलीट करायचं काम नाही.

आता एक असा प्रकार जो आपल्या भागात जास्त दिसते, कारण आपल्याकडे बहुतेकांची गेम कोणी तरी हार्डडिस्कवर आणून दिलेली असते आणि सेटअप नेक्स्ट-नेक्स्ट करत सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये जाते. तिथं विंडोज जुन्या प्रोग्रामला लिहू देत नाही, पण गेमला नाही म्हणूनही सांगत नाही, तर गुपचूप तिची फाइल दुसरीकडे लिहिते, युझर्स, तुमचं नाव, अॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. मग होते असं की तुम्ही प्रोग्राम फाइल्समधली कॉन्फ फाइल बदलता, सेव्ह करता, गेम सुरू करता, आणि गेम वाचते व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनी. बदल केला तरी बदलत नाही, परत-परत जुनंच येते, आणि माणूस हैराण. लॉग चालू केला तरी लॉगची फाइल सापडत नाही तेही याच्यामुळेच, ती तिकडं बनलेली असते. इलाज एकदाच करायचा: गेमचा पूर्ण फोल्डर उचलून सरळ डी ड्राइव्हवर गेम्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, व्हर्च्युअलस्टोअरमधला त्या गेमचा फोल्डर, त्यात तुमच्या पायलटची, मिशनची काही नवी फाइल असेल तर ती कॉपी करून घेऊन, काढून टाका, आणि डेस्कटॉपचा शॉर्टकट नवीन बनवा. ही गेम फोल्डर हलवला तरी चालते.

नोटपॅडचंही सांगतो. फाइलींची शेवटची नावं विंडोज लपवून ठेवते, त्यामुळे तुम्हाला एअर डॉट आयएनआय दिसते पण खरं नाव असते एअर डॉट आयएनआय डॉट टीएक्सटी. व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, आयुष्यभर कामी येईल. सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआय निवडा, यूटीएफ-८ विथ बीओएम तर कधीच नको, त्याने फाइलीच्या सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट बसतात आणि पहिली ओळ बिघडते. आणि काही पोट्ट्यांनी हौसेने विमानाचं नाव प्लेनच्या फाइलीत मराठीत टाकून पाहिलं, ती हौस मला आवडते, पण या फाइली जावाच्या जुन्या पद्धतीने वाचल्या जातात, देवनागरी अक्षरं थेट टाकली की कचरा दिसते, आणि आकड्यांच्या कोडमध्ये टाकली तरी गेमच्या फॉन्टमध्ये देवनागरी पाहिजे ना. सध्या रोमनमध्येच ठेवा.

लाइनचं काय सांगायचं. शेतीच्या फिडरवर घर असेल तर कोणत्या वेळी जाईल नेम नाही, आणि फाइल सेव्ह होता होता लाइन गेली तर फाइल कधी कधी रिकामी होऊन बसते, नाव तेच, साइज शून्य. सगळी विमानं एकदम गायब झाली असतील, फक्त व्हर्लविंड नाही, तर पहिले यादीच्या फाइलीची साइज पाहा. म्हणून त्या तुमच्या खास फोल्डरची एक झिप पेनड्राइव्हवर ठेवाच, सगळ्या मिळून काही एमबीच्या फाइली आहेत. आणि डाउनलोड अर्धवट झालेली झिप उघडण्याआधी सेव्हन-झिपमध्ये टेस्ट करून घ्या, सीआरसी एरर आला की ती फाइल वापरू नका, परत उतरवा. अर्धवट झिपमधून निघालेला थ्रीडी चालल्यासारखा दिसतो आणि जवळ गेलं की गेम बंद पडते.

अँटीव्हायरस कधी कधी मोडेड गेमची मुख्य ईएक्सई किंवा तिच्यासोबतची डीएलएल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकते, मग मोड्सचं फोल्डरच वाचल्या जात नाही आणि गेम साधी, कंपनीची विमानं घेऊन सुरू होते. तसं झालं तर फाइल खात्रीच्या ठिकाणाहूनच आली आहे ना ते आधी पाहा, मग त्या फोल्डरला सूट द्या.

समजा विमान आलं, लोड झालं, उडलं. आता ते खरंच व्हर्लविंड आहे का तेही तपासा, कारण काही घाईने बनवलेल्या मोडमध्ये बाहेरचं अंग व्हर्लविंडचं आणि आतलं गणित दुसऱ्याच विमानाचं असते. तोफांपासून सुरू करा. प्रत्येक तोफेला ६० गोळ्या, हिस्पानो सेकंदाला साधारण दहा गोळ्या मारते, म्हणजे ट्रिगर दाबून धरला की सहा सेकंदाच्या आसपास चारही तोफा रिकाम्या झाल्या पाहिजेत. पंधरा सेकंद चालत असतील तर शस्त्रं उसनी आहेत. मग उंची. पेरेग्रीन इंजिन वर गेलं की दम सोडते, साधारण १५,००० फुटाच्या वर त्याची ताकद पडत जाते. तुमचं व्हर्लविंड २५,००० फुटावर स्पिटफायरला मागे टाकत असेल तर ते व्हर्लविंड नाही.

वेगाची तक्रार मात्र बहुतेक वेळा खोटी निघते. पुस्तकात लिहिलं आहे १५,००० फुटावर ताशी ३६० मैल, म्हणजे ५८० किलोमीटर, आणि पोट्टे म्हणतात की स्क्रीनवरच्या पट्टीत ४६० च दिसते, मोड फालतू आहे. अरे, ती पट्टी दाखवते तो हवेच्या दाबावरून मोजलेला वेग, खरा वेग नाही. वर हवा विरळ, म्हणून काटा कमी दाखवते. १५,००० फुटावर दाखवलेला ४६० म्हणजे खरा वेग ५८० च्या जवळपासच येते. त्या मोड बनवणाऱ्याने बरोबर काम केलं आहे, त्याला शिव्या देऊ नका.

सगळ्यात जास्त विचारल्या जाते ते हे: "बॉम्ब बरोबर जहाजावर पडला, फुटला नाही." हाही मोडचा दोष नाही. गेमच्या ४.१० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये बॉम्बचा फ्यूज, म्हणजे तो फोडणारा भाग, जिवंत व्हायला वेळ लागतो, साधारण दोन सेकंद. दोन सेकंदात बॉम्ब वीसेक मीटर खाली येते, म्हणजे त्याच्यापेक्षा खालून सोडला तर तो दगडासारखाच पडणार. आणि थोडा वरून सोडला आणि डिले, म्हणजे आदळल्यावर फुटेपर्यंतचा वेळ, शून्य ठेवला तर फुटते, पण तुमच्या विमानाच्या खालीच. खरे वैमानिक असल्या खालच्या हल्ल्यात ११ सेकंदाचा डिले लावत, म्हणजे मागून येणारा साथीदारही सुटतो. शस्त्र निवडायच्या स्क्रीनवर बॉम्ब डिले आहे, तो वाढवा, पन्नास मीटरच्या आसपास सरळ उडत या, जहाजाच्या आधी थोडं सोडा, आणि वर न उठता सरळच निघून जा, वर उठलात की जहाजावरची विमानभेदी तोफ तुम्हाला सोडत नाही. चौघं मिळून खेळत असाल तर दोघं दोघं, मधे अंतर ठेवून. डिले आणि अंतर याचा हिशेब बसला की मग या विमानाची खरी मजा समजते, कारण नाकातल्या चार तोफांनी आधी डेकवरची माणसं खाली बसवायची आणि मग बॉम्ब, हे एकाच झेपेत करता येते.

राहिली स्किन, म्हणजे विमानावरच्या रंगकामाचं चित्र. पेंटस्कीम्सच्या फोल्डरमध्ये स्किन टाकली आणि यादीत येत नाही म्हणजे ती बीएमपी २५६ रंगांची नाही, चोवीस बिटची आहे. कोणत्याही फोटोच्या प्रोग्राममध्ये इंडेक्स्ड रंगात बदलून १०२४ बाय १०२४ मध्ये सेव्ह करा. स्वतः रंगवणार असाल तर २६३ स्क्वाड्रनची अक्षरं एच आणि ई, १३७ ची एस आणि एफ, आणि तिसरं अक्षर त्या एका विमानाचं. ऑगस्ट १९४१ नंतरचा रंग करड्या-हिरव्याचा, वरून ओशन ग्रे आणि डार्क ग्रीन, त्याआधीच्याला तपकिरी-हिरवा. बॉम्बवाल्या विमानाला तपकिरी-हिरवा रंग दिलेली स्किन दिसली तर ती काळाशी जुळत नाही, बदला.